अंतर राखणे आणि अंतर देणे

रायपूरहून मुंबईमार्गे नैरोबी गाठून तेथून मसाई माराच्या गवताळ प्रदेशात जाऊ इच्छिणाऱ्या हौशी छायाचित्रकारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वजनाचा. नैरोबीहून माराकडे जाणारी विमाने लहान असतात. त्यांत प्रत्येक प्रवाशाला साधारणपणे १५ किलो सामान नेता येते आणि हातातली पिशवीही त्यातच मोजली जाते. कपडे, औषधे, दुर्बीण वगळता उपकरणांच्या वाट्याला आठ-नऊ किलो येतात. ६०० मिलिमीटरचे, अंधुक उजेडातही काम देणारे एफ/४चे एक भिंग घेतले, तर ते एकटेच तीन किलोंच्या आसपास भरते आणि त्याची किंमत दहा लाख रुपयांच्या वर जाते. त्याऐवजी १०० ते ४०० मिलिमीटरचे झूम भिंग घेतले, तर दीड किलोत भागते आणि किंमतही पुष्कळ कमी होते. परंतु पहाटेच्या व तिन्हीसांजेच्या उजेडात, म्हणजे श्वापदे जेव्हा हिंडती-फिरती असतात नेमक्या त्या वेळी, ते तोकडे पडते. धुळीत भिंगांची अदलाबदल नको म्हणून दुसरा कॅमेरा हवा. मोटारीत तिपाईला जागा नसते, म्हणून खिडकीच्या कडेवर ठेवायला कापडी पिशवी हवी. ती रिकामी न्यावी आणि तिकडे पोहोचल्यावर तांदळाने किंवा कडधान्याने भरावी, अशी जाणत्यांची शिकवण असते.

ही सगळी चर्चा व्यवहाराची आहे आणि व्यवहार म्हणून ती योग्यच आहे. कोणते साधन अधिक चांगले चित्र देईल, या कसोटीवर तिचा निर्णय होतो. परंतु साधनाची निवड होत असताना तिच्या आडून आणखी एक निर्णय होत असतो. समोरच्या जिवाच्या किती जवळ जाण्याचा आपल्याला अधिकार आहे, हा त्या निर्णयाचा विषय. किती जवळ जाता येईल, हे भिंग सांगते. किती जवळ जावे, हे ते सांगू शकत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळताच दुसऱ्याचेही मिळाले असे समजणे, ही यंत्रयुगातील माणसाची जुनी सवय आहे.

मराठी पाठ्यपुस्तकांत फोकल लेंग्थला ‘नाभीय अंतर’ असा शब्द आहे. भिंगाची ताकद त्या अंतरात मोजली जाते. ५० मिलिमीटरच्या भिंगाच्या तुलनेत ६०० मिलिमीटरचे भिंग वस्तू बारा पट मोठी दाखवते. म्हणजे १२० मीटरांवर बसलेला चित्ता चौकटीत १० मीटरांवर बसल्यासारखा भरतो. या एकाच गुणाचा उपयोग दोन परस्परविरोधी रीतींनी करता येतो. लांब भिंग जवळ आहे म्हणून एखादा १२० मीटरांवर गाडी थांबवून समाधान मानील. दुसरा तेच भिंग घेऊन २५ मीटरांवर जाईल आणि चित्त्याच्या डोळ्यातील प्रतिबिंब टिपू पाहील. उलट, ज्याने वजन आणि पैसा वाचवण्यासाठी आखूड भिंग घेतले आहे, पण मनात मात्र मुखपृष्ठावर शोभणाऱ्या चेहऱ्याची आस धरली आहे, त्याला वाहनचालकास ‘आणखी थोडे पुढे’ असे सांगण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. रायपूरच्या दुकानात किंवा घरच्या टेबलावर झालेली निवड अशा रीतीने दोन महिन्यांनंतरच्या एका क्षणाविषयी आगाऊ दिलेला शब्द असते. तो शब्द आपण कोणाला देत आहोत, याचे भान मात्र बहुधा नसते.

कॅमेरा आणि बंदूक यांचे नाते जुने आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियन-ज्यूल मारे याने १८८२ साली एक ‘छायाचित्रण-बंदूक’ घडवली. दस्ता खांद्याला लावायचा, नळी उडत्या पक्ष्यावर रोखायची आणि चाप ओढायचा. सेकंदाला बारा प्रतिमा उमटत. मारेला पक्ष्याचे उड्डाण समजून घ्यायचे होते, पक्षी मारायचा नव्हता. तरीही ज्ञानाच्या साधनाला त्याने जे रूप दिले, ते शिकारीच्या साधनाचे. इंग्रजीत छायाचित्र घेण्याला आणि गोळी घालण्याला आजही एकच क्रियापद चालते. आफ्रिकेच्या सफरीत बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे, हे सुझन सोन्टॅग यांनी छायाचित्रणावरील आपल्या १९७७ सालच्या पुस्तकात नोंदवले, तेव्हा त्यांच्या मनात या स्थित्यंतराविषयी निर्भेळ आनंद नव्हता. हत्यार बदलले म्हणजे वृत्ती बदललीच असे होत नाही, ही त्यांची शंका होती.

या शंकेचा पडताळा पाहायला छत्तीसगडच्या रहिवाशाने आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. १९४७ साली कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी तीन चित्ते मारले. रात्री मोटारीतून जात असताना तिघे एकत्र बसलेले दिसले. तिन्ही नर, बहुधा एकाच वेतातले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची हकिगत १९४८ साली आली आणि अशा शिकारीविषयीची नापसंती संपादकांनी लपवली नाही. भारतातील चित्त्याची अखेरची निर्विवाद नोंद म्हणून तिचाच उल्लेख होतो. १९५२ साली चित्ता या देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ते कोरिया संस्थान आज छत्तीसगडच्या उत्तर भागात आहे. शेजारच्या सरगुजाच्या महाराजांच्या नावावर तर हजाराहून अधिक वाघ सांगितले जातात.

कोरियाच्या त्या घटनेचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. जमिनीवर तीन निष्प्राण चित्ते आणि त्यांच्यामागे बंदूक घेऊन उभे असलेले महाराज. त्या ठिकाणी दोन साधने होती. बंदुकीने आपले काम आधी केले आणि कॅमेऱ्याने ते पुरे केले. कारण शिकार केवळ मारल्याने पूर्ण होत नसे, ती दाखवावीही लागे. ते चित्र काढले गेले पराक्रमाची खूण म्हणून. आज त्याकडे पाहणारा प्रत्येक जण त्याला एका वंशाच्या अंताचा पुरावा म्हणून पाहतो. घेणाऱ्याच्या हेतूला ओलांडून चित्राने आपला अर्थ बदलला. म्हणून आज माराच्या गवतात उभे राहून चित्त्याचे चित्र घेणाऱ्यानेही, सत्तर-ऐंशी वर्षांनंतर हे चित्र कशाचा पुरावा ठरेल, असे स्वतःला विचारणे अप्रस्तुत नाही.

कोणी म्हणेल की हत्या आणि चित्रण यांना एका तराजूत घालणे अन्यायाचे आहे. चित्रकार प्राण्याकडे प्रेमाने पाहतो. त्याला त्याचे सौंदर्य हवे असते, कातडे नव्हे. हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु सौंदर्य पाहणारी दृष्टी ही आपोआप करुणेची दृष्टी असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा आरंभ या गृहीतकाला धक्का देतो. रथातून हरणाचा पाठलाग करणारा दुष्यंत त्या पळत्या जिवाचे जे वर्णन करतो, ते संस्कृत वाङ्‌मयातील अत्यंत सूक्ष्म निरीक्षणांपैकी आहे: वळून वळून मागे पाहणारी मान, बाणाच्या भयाने आखडलेले अंग, धापेने उघड्या पडलेल्या तोंडातून वाटेवर गळणारे अर्धवट चघळलेले गवत. इतके बारकाईने पाहणारा हा माणूस धनुष्याला बाण लावून बसला आहे. त्याचे पाहणे आणि त्याचे मारणे यांत त्याला स्वतःला विसंगती जाणवत नाही. ती जाणवून द्यायला आश्रमातील तपस्वी मध्ये यावा लागतो. हे आश्रमातले हरिण आहे, असे तो सांगतो आणि राजा बाण उतरवतो. सौंदर्यदृष्टी दुष्यंताजवळ आधीपासून होती. मर्यादा मात्र बाहेरून आली आणि ती मान्य करण्यात त्याचे मोठेपण दिसले.

आता बाण नाही, तेव्हा मर्यादेचीही गरज नाही, असे कोणाला वाटेल. मसाई मारातील चित्त्यांचा अभ्यास याचे उत्तर देतो. फेमके ब्रुखाइस यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की, पर्यटकांची वर्दळ मोठी असलेल्या भागांत चित्त्याच्या एका मादीमागे सरासरी ०.२ पिल्ले स्वतंत्र जगण्याच्या वयापर्यंत पोहोचली. कमी वर्दळीच्या भागांत हाच आकडा २.३ होता. चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणजे ज्या वेळी पर्यटकांच्या मोटारी बाहेर असतात त्याच वेळी. मोटारींच्या कड्यामुळे शिकार हुकणे, पिल्लांची ताटातूट होणे, भक्ष्य टाकून मादीला उठावे लागणे, अशा शक्यता त्यामागे सांगता येतात. तेथे कोणी गोळी झाडली नाही. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. प्रत्येकाने आपले एक चित्र घेतले आणि पुढे गेला. कोरियात एका माणसाने बार काढले तर ते दिसले. येथे शेकडो सज्जनांच्या उपस्थितीचा परिणाम कोणाच्याच नावावर जमा होत नाही. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचांपेक्षा अधिक वाहने नकोत आणि २५ मीटरांपेक्षा जवळ जाऊ नये, असा नियम मारात आहे. आश्रमाचा तपस्वी आता नियमाच्या रूपाने उभा आहे. त्याचे ऐकण्याइतका दुष्यंत मात्र प्रत्येक मोटारीत असतोच असे नाही.

मग सर्वांत लांब भिंग घेणे हेच नीतीचे, असे म्हणावे काय? उत्तर इतके सरळ नाही. एक तर निसर्गच त्याला मर्यादा घालतो. सकाळचे दहा वाजून गेले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दूरच्या प्राण्याची प्रतिमा पाण्यातल्यासारखी हलते. कितीही महाग भिंग असले तरी ते या हवेतूनच पाहते आणि तिची थरथरही मोठी करून दाखवते. अंतर ही पैशाने पूर्णपणे विकत घेता येणारी गोष्ट नाही, याचा हा भौतिक पुरावा म्हणावा लागेल. अशा वेळी जवळ सरकण्याचा मोह होतो आणि दहा लाखांच्या भिंगाचा धनी त्या मोहाला अधिकच बळी पडण्याचा संभव असतो. कारण ज्याने इतके मोजले आहे त्याला रिकाम्या हाताने परतणे अवघड जाते. साधनाची किंमत फळाच्या अपेक्षेत उतरते. गीतेने फलाशेविषयी जे बजावले आहे ते उपकरणांच्या खरेदीलाही लागू पडते, हे सांगितल्यास कोणी हसू नये.

लांब भिंगाचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. त्याची चौकट अरुंद असते. जे तिच्यात मावत नाही ते चित्रापुरते अस्तित्वातच नसते. चित्त्याभोवतीच्या वीस मोटारी, त्यांतून उठलेली धूळ, पलीकडच्या टेकडीवरची गुरे आणि त्यांच्यामागचा मसाई गुराखी हे सर्व कापले जाते; उरतो तो एकाकी, आदिम, मनुष्यस्पर्शरहित प्राणी. घरी परतल्यावर भिंतीवर तेच लागते आणि पाहणाऱ्यांची अशी समजूत होते की आफ्रिका म्हणजे माणसाविना असलेली भूमी. वस्तुतः ती तशी केली गेली आहे. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झाले आणि १९५९ साली मसाई पशुपालकांना तेथून निघून गोरोंगोरोकडे जावे लागले. माणसांना चौकटीबाहेर काढण्याचे काम भिंगाने नव्याने सुरू केलेले नाही. राज्यसत्तेने आधी केले तेच भिंग नकळत पुन्हा करते. छत्तीसगडच्या वाचकाला हे अपरिचित नसावे. अचानकमार २००९ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि तेथील काही वनगावांना आपली जागा सोडावी लागली. त्या जंगलाची जी चित्रे भिंतींवर लागतात त्यांत वाघ असतो, बैगा क्वचितच असतो. म्हणून आफ्रिकेला जाणाऱ्याच्या सामानात एक आखूड, रुंद पाहणारे भिंगही असावे. ते वजनाने हलके असते आणि प्राणी कोणत्या भूमीवर, कोणाच्या शेजारी, कोणाच्या गर्दीत जगतो आहे, याची साक्ष तेच देऊ शकते.

सौंदर्यशास्त्रात ‘अंतर’ ही संकल्पना अपरिचित नाही. एडवर्ड बुलो याने १९१२ साली ‘मानसिक अंतरा’चा सिद्धान्त मांडताना समुद्रावरील धुक्याचे उदाहरण घेतले. जहाजावरच्या माणसाला धुके भयावह असते; परंतु स्वतःच्या सुरक्षिततेची चिंता क्षणभर बाजूला सारता आली, तर त्याच धुक्याचे अलौकिक रूप त्याला दिसते. हे अंतर पाहणारा स्वतःच्या गरजांपासून घेतो. मराठी समीक्षेत कलास्वादातील तटस्थतेची जी चर्चा झाली, तिच्याशी या विचाराचे नाते सहज ओळखू येते. परंतु बुलोच्या उदाहरणातील धुक्याला पाहणाऱ्याचे काही सोसावे लागत नाही. चित्त्याला सोसावे लागते. जेथे पाहिली जाणारी वस्तू स्वतः पाहणारी आहे, भिणारी आहे, पिल्लांना घेऊन उठून जाणारी आहे, तेथे मनात घेतलेले अंतर पुरत नाही; ते जमिनीवरही घ्यावे लागते. क्षेमेन्द्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचे जीवित मानले, ते काव्याच्या अंगांची परस्परांशी असलेली संगती लक्षात घेऊन. त्या शब्दाचा विस्तार येथे करता येईल. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात जे योग्य अंतर असते, ते त्या चित्राचे औचित्य होय. ते बिघडलेले चित्र कितीही सुस्पष्ट असले तरी निर्दोष नव्हे.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. चित्रांमुळेच तर वन्य जिवांविषयी जगात आस्था निर्माण झाली; पर्यटकांच्या पैशावर उद्याने चालतात; कोणी पाहिलेच नाही तर वाचवणार कोण? यात तथ्य आहे. छायाचित्राने वन्य जिवाचे प्रत्यक्ष कल्याण केल्याचे उदाहरण भारतात आहे. उत्तरेच्या जंगलांत वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार बांधून, वाघाच्या पायाने ती ओढली जाताच चित्र उमटेल अशी रचना केली. त्यांचे पुस्तक १९२७ साली आले. त्याच कल्पनेचे आजचे रूप म्हणजे झाडाला बांधलेला स्वयंचलित कॅमेरा. २०१८-१९च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले गेले. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख प्रतिमा घेतल्या. त्यांपैकी वाघांच्या होत्या ७६,६५१. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला गेला. या प्रतिमांत रचना नाही, प्रकाशाची किमया नाही, त्यांखाली कोणाचे नाव नाही. वाघाच्या सर्वाधिक उपयोगाची चित्रे ही कोणीही ‘काढलेली’ नसलेली चित्रे आहेत.

यावरून हौशी चित्रकाराने घरी बसावे असे निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते इतकेच की, ‘संरक्षणासाठी’ हे कारण त्याने स्वतःच्या हौसेवर पांघरू नये. चित्त्याची अगणित चित्रे जगात आहेत. आणखी एकाने चित्त्याचे भले होणार नाही. त्या चित्राचे मोल असेल तर ते काढणाऱ्याच्या पाहण्यात जो फरक पडेल त्यात आहे. हा फरक परतल्यावर ओळखता येतो. रायपूरपासून शंभरेक किलोमीटरवर बारनवापाराचे जंगल आहे; गरियाबंद जिल्ह्यात उदंती आहे, जेथे छत्तीसगडचा राज्यपशू असलेला रानरेडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. कोरियाच्या ज्या प्रदेशात ते तीन चित्ते पडले, त्यातील वनांचा समावेश असलेला गुरू घासीदास–तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्प २०२४ साली अधिसूचित झाला. मारात चित्ता पाहून आलेल्या माणसाला या जागांविषयी पूर्वीपेक्षा अधिक काही वाटू लागले, तर त्याचा प्रवास सफळ झाला. आफ्रिकेची अपूर्वाई वाढून घरचे रान त्याला फिके वाटू लागले, तर दहा लाखांचे भिंग फुकट गेले असे समजावे. सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. भारतातून गेला तो आशियाई चित्ता आता फक्त इराणात, तोही मूठभर शिल्लक आहे. बंदुकीने जे एका रात्रीत नाहीसे केले, त्याच्या जागी दुसऱ्या खंडातील जीव आणून बसवायला पाऊणशे वर्षे लागली. गेलेला तर परतलाच नाही.

उपकरणांच्या निवडीतील आणखी एक मोह संख्येचा आहे. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ चित्रे मावत. बोट दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस ते तीस चित्रे घेतात. एवढा रोल त्यांना एक-दोन सेकंदच पुरला असता. प्राण्याचा डोळा शोधून त्यावर स्थिर होण्याचे कामही यंत्रच करते. यांत एक लाभ निश्चित आहे: हे कॅमेरे आवाज न करता चित्र घेऊ शकतात आणि निजलेल्या जिवाची झोप मोडत नाही. ज्याला दोन कॅमेऱ्यांतून एक निवडायचा असेल त्याने वेगापेक्षा या मूकपणाला अधिक गुण द्यावेत. परंतु हजारो चित्रे घेऊन परतणारा माणूस पुष्कळदा असे कबूल करतो की, जे घडले ते त्याने परतल्यावर पडद्यावर पाहिले. घडत असताना तो चौकट सांभाळत होता. यंत्राने पाहण्याची जबाबदारी उचलली की माणसाची पाहण्याची शक्ती रजेवर जाते.

रायपूरच्या मराठी घरांत या शक्तीचा वारसा आहे, कारण तो मराठी भाषेतच आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसे नांदत आली आणि या प्रदेशाच्या पश्चिम सीमेलगत, गोंदिया जिल्ह्यात नागझिरा आणि नवेगावची राने आहेत. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले ते वही आणि रेखाटनाची पेन्सिल घेऊन. रेखाटन करणाऱ्याला सेकंदाचा तिसावा भाग उपयोगाचा नसतो. प्राणी जितका वेळ तेथे राहू देईल तितका वेळ त्याला हवा असतो, म्हणून त्याला प्राण्याची मर्जी राखावी लागते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील आयुष्यभराच्या नोकरीत पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावे रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून टिपली आणि ती मराठीला दिली. ज्याचे नाव ठाऊक आहे आणि ज्याची वाट कोणी तरी दाखवली आहे, अशा जिवाकडे पाहणे निराळे होते. त्या माणसांना या दृष्टीने चौकटीबाहेर काढले नाही. आफ्रिकेला जाणाऱ्याच्या १५ किलोंमध्ये अशी एक वही सहज मावेल, आणि तेथील मसाई वाटाड्या त्या प्राण्याला काय म्हणतो हे विचारायला तर वजन लागतच नाही.

मराठीत ‘अंतर’ या शब्दाचे व्यवहार लक्षणीय आहेत. अंतर म्हणजे दूरपणा; अंतर म्हणजे अंतःकरणही. ‘अंतर राखणे’ म्हणजे आदरापोटी दूर राहणे आणि ‘अंतर देणे’ म्हणजे विश्वासाने जोडलेल्याला सोडून देणे. एक गुण, दुसरा दोष, शब्द तोच. वन्य जिवांच्या बाबतीत माणसाने आजवर या दोहोंची अदलाबदल केली आहे. जेथे अंतर राखायचे तेथे तो मोटार घेऊन घुसला. आणि जेथे अंतर द्यायचे नव्हते, तेथे म्हणजे त्यांचे रान वाचवण्याच्या कामी, त्याने खुशाल अंतर दिले. छायाचित्रकाराच्या पिशवीतील भिंगावर हे सर्व ओझे टाकणे कदाचित अधिक होईल. तरीही निवड करायची तर तिला एक कसोटी लावता येते. चित्र मिळाले नाही तरी ज्याच्यासह शांतपणे परत येता येईल, ते साधन घ्यावे. ६०० मिलिमीटरचे भिंग ज्याला १२० मीटरांवर थांबवू शकते, त्याने ते जरूर न्यावे, परवडत असेल तर. ज्याला ते २५ मीटरांच्या आत ओढणार आहे, त्याने १०० ते ४००चे घ्यावे आणि गवतात मावेल एवढा लहान चित्ता चौकटीत राहू द्यावा. त्या चित्रात प्राणी लहान दिसेल आणि त्याचे रान मोठे दिसेल. प्रमाण म्हणून ते अधिक खरे आहे.